आधी पाणी, मग घर, सुपीक रान सर्वांत शेवटी



शेतकऱ्याची जमीन बांधावर जात नाही, ती आधी कागदावर जाते. नांगर चालत असतो, कापसाला बोंडे धरलेली असतात, घरात मिरची वाळत पडलेली असते, आणि त्याच वेळी दूरच्या कचेरीत एका नकाशावर आपल्या शेताचा रंग बदलतो. हिरव्याचा पिवळा होतो. पिवळा रंग म्हणजे वस्ती. आपल्याला हे समजते तेव्हा दगड रोवून झालेले असतात, सडकेच्या कडेला "प्लॉट विकणे आहे" अशी पाटी लागलेली असते, आणि हरकत घेण्याची मुदत संपून गेलेली असते.

या पानावर आपण नेहमी बी-बियाणे, खत, गुरांचे रोग आणि घरातील आरोग्य यांविषयी वाचतो. आज वसाहतींविषयी लिहीत आहे. वरवर पाहता हा विषय पुढाऱ्यांचा आणि अधिकाऱ्यांचा. परंतु घरे कोठे बांधावीत, त्यांना पाणी कोठून द्यावे, सांडपाणी कोठे सोडावे आणि यासाठी कोणाचे रान घ्यावे, हे चार निर्णय आपल्या शेतावर आणि आपल्या आरोग्यावर खताच्या गोणीपेक्षा व औषधाच्या बाटलीपेक्षा अधिक परिणाम करतात. माझे मत थोडक्यात असे: कोणत्याही नव्या वस्तीत आधी पाणी, गटार, शाळा व दवाखाना झाला पाहिजे, त्यानंतर घर, आणि पिकती जमीन घ्यायचीच झाली तर ती सर्वांत शेवटी. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो.

कागदावर काय लिहिले होते

धरमपुरीकरांना हे शिकण्यासाठी दूर जावे लागत नाही. नर्मदा आपल्या दारातून वाहते. सरदार सरोवराच्या बुडितात मध्यप्रदेशातील १९२ गावे होती आणि एक शहर होते. ते एक शहर म्हणजे आपली धरमपुरी.

नर्मदा जलविवाद लवादाचा अंतिम निवाडा १९७९ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. तो नुसता पाण्याच्या वाटपाचा कागद नव्हता. विस्थापितांना कसे वसवावे हेही त्यात लिहिले होते, आणि ते वाचून आजही नवल वाटते. ज्या कुटुंबाची पाव हिश्शाहून अधिक जमीन जाईल त्याला जमिनीच्या बदल्यात ओलिताची जमीन, आणि ती निदान दोन हेक्टर, म्हणजे सुमारे पाच एकर. वयात आलेला मुलगा वेगळे कुटुंब धरायचा. घरासाठी साठ फूट रुंद व नव्वद फूट लांब जागा विनामूल्य. आणि हे सारे पाणी चढण्याच्या निदान एक वर्ष आधी.

सोयींचा हिशोबही मांडलेला होता. शंभर कुटुंबांमागे तीन खोल्यांची एक प्राथमिक शाळा आणि एक प्रार्थनास्थळ. पन्नास कुटुंबांमागे पिण्याच्या पाण्याची एक विहीर, तिला लागून गुरांसाठी हौद, आणि झाडाभोवती एक पार. पाचशे कुटुंबांमागे एक दवाखाना, एक पंचायत घर, एक बियाण्याचे कोठार, मुलांसाठी एक बाग आणि एक तलाव. शिवाय जोडरस्ता, वीज व आरोग्याची व्यवस्था.

म्हणजे पाचशे कुटुंबांचे गाव उठवायचे तर नव्या जागी पाच शाळा, दहा विहिरी, दहा पार, एक दवाखाना आणि एक तलाव हवा. ज्यांनी हे लिहिले त्यांना गाव म्हणजे काय ते कळत होते. गुरांनी पाणी कोठे प्यावे आणि म्हाताऱ्यांनी संध्याकाळी कोठे बसावे, याचाही विचार त्यांनी केला होता.

प्रत्यक्षात काय झाले

मध्यप्रदेशात जमिनीच्या ऐवजी रोख रकमेची वाट काढण्यात आली. विशेष पुनर्वास पॅकेज म्हणून सुमारे ५ लाख ५८ हजार रुपये दोन हप्त्यांत द्यायचे आणि शेतकऱ्याने आपली जमीन आपणच शोधून घ्यायची. खेड्यातला माणूस रोख रक्कम घेऊन बाजारात उभा राहिला की दलाल कोठून येतात हे सांगायला नको. खोट्या रजिस्ट्र्या झाल्या. जी जमीन विक्रीला नव्हतीच तिची खरेदीखते झाली. गैरव्यवहार इतका वाढला की २००८ साली उच्च न्यायालयाने न्यायमूर्ती झा यांचा आयोग नेमला. त्याचा अहवाल यायला २०१६ साल उजाडले.

त्यानंतर ८ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला. ज्यांचा दोन हेक्टरांचा हिशोब पुरा झालेला नव्हता अशा ६८१ कुटुंबांना प्रत्येकी ६० लाख रुपये, आणि खोट्या रजिस्ट्रीत फसलेल्या १,३५८ कुटुंबांना प्रत्येकी १५ लाख, मात्र त्यातून आधी घेतलेली रक्कम वजा करून. सर्वांनी ३१ जुलै २०१७ पर्यंत जागा सोडावी, असेही त्यात होते.

हा आकडा शांतपणे पाहा. ज्या दोन हेक्टरांची किंमत शासनाने साडेपाच लाख धरली होती, तिची किंमत न्यायालयाने ६० लाख धरली, म्हणजे दहा पटीहून अधिक. शेतकऱ्याला रोख रक्कम देऊन मोकळे करणे हे किती स्वस्त काम होते, हे यावरून दिसते. पैसा हातात आला त्या दिवशी तो पुष्कळ वाटतो. कर्ज, लग्न, मोटारसायकल आणि दवाखाना एवढ्यात तो संपतो. जमीन मात्र दर वर्षी नव्याने देत राहते.

धरणाचे दरवाजे २०१७ च्या जूनमध्ये बंद झाले. तेव्हाही बरीच कुटुंबे जुन्या गावांतच होती आणि त्यांच्यासाठी पत्र्याच्या शेड उभारण्यात आल्या. निमाडचा उन्हाळा आपण जाणतो. पत्र्याखाली तान्हे मूल आणि दुभती गाय कशी राहतील, हा विचार करणाऱ्याने तसा निर्णय घेतला नसता. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरले. चिखल्दा, निसरपूर अशी नांदती गावे पाण्याखाली गेली.

आणखी एक गोष्ट विसरू नये. मागे फुगणाऱ्या पाण्याची पातळी नव्याने मोजून १५,९४६ कुटुंबांना "तुम्ही बुडितात नाही" असे सांगण्यात आले. कागदावर ती कोरडी झाली. सप्टेंबर २०२३ च्या पुरात नर्मदेने धार व बडवानीच्या काठांवर घरे आणि शेते बुडवली, तेव्हा नदीने त्या यादीकडे पाहिले नाही.

धरण नसतानाही गाव बुडते

कोणी म्हणेल, ते धरणाचे प्रकरण होते, ते संपले. आता येणार ते रस्ते, कारखाने आणि वसाहती, त्यात प्रगतीच आहे. ज्यांना असे वाटते त्यांनी वसईकडे पाहावे. तेथील शेतकरी आपल्याच धर्माचे आणि आपल्याच भाषेचे. केळीच्या बागा, पानमळे, फुले आणि भाजीपाला यांवर जगणारा तो समाज. सुकेळी तेथली. वाडीवाडीत गोड्या पाण्याची बावखले असत. पावसाचे पाणी त्यांत साठे, जमिनीत मुरे, आणि विहिरी उन्हाळ्यात टिकत.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस शासनाने तेथील हरित पट्टा बांधकामासाठी खुला करण्याचे ठरविले. १९९० मध्ये सिडको या सरकारी महामंडळाकडे त्या भागाचे नियोजन गेले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली शेतकऱ्यांना उभे केले. त्यांनी घरांना विरोध केला नव्हता. पाणी कोठून आणणार, सांडपाणी कोठे जाणार, आणि बागा गेल्यावर लोकांनी खायचे काय, हे त्यांचे प्रश्न होते. २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि जुलै २०२४ मध्ये देवाघरी गेले. त्यांनी विचारलेले प्रश्न मात्र अजून तेथेच आहेत.

जुलै २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. आम्हाला गावच राहू द्या, म्हणून गावकऱ्यांनी मोठे आंदोलन केले. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, पण तो न्यायालयात अडकला आणि वाद दशकाहून अधिक काळ चालला. त्याच २०११ च्या जनगणनेत या महापालिकेची वस्ती १२ लाखांवर गेली होती.

पाणी कमी पडले तेव्हा ते सूर्या नदीकडून आणले गेले. सूर्या प्रकल्प डहाणू-पालघरच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या ओलितासाठी बांधलेला. आता त्यातून दररोज ४० कोटी लिटरहून अधिक पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांसाठी नेण्याची योजना झाली. एका शेतकऱ्याची वाडी गेली आणि दुसऱ्याचे ओलीत गेले, अशी ही साखळी असते.

जुलै २०१८ मध्ये मोठा पाऊस झाला. बावखले बुजलेली, मिठागरे आणि पाणथळ जागा भरावाखाली. पाण्याला जायला वाट नव्हती. वसाहती दिवसच्या दिवस पाण्यात राहिल्या, रेल्वे बंद पडली. मग तज्ज्ञांची समिती बसली आणि पाणी साठवायला तलाव हवेत असे ठरले. जे पूर्वजांनी फावड्याने खणून ठेवले होते, तेच आता कोट्यवधी रुपये खर्चून पुन्हा करायचे.

शेवटचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. नालासोपाऱ्यात सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखलेल्या जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीस त्या पाडायला सुरुवात झाली आणि २०२५ च्या आरंभी काम पुरे झाले. सुमारे अडीच हजार कुटुंबे उघड्यावर आली. त्यांत बहुतेक कष्टकरी, कर्ज काढून घर घेतलेले लोक. घर आधी आणि गटार मागून असा क्रम ठेवला की शेतकरी बुडतो तसा घर घेणाराही बुडतो.

हा आरोग्याचा प्रश्न आहे

धार जिल्ह्यात पीथमपूर कित्येक वर्षांपासून वाढत आहे. बदनावरजवळ भैंसोला येथे कापड उद्योगाच्या मोठ्या वसाहतीची पायाभरणी सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. त्याच वर्षी मध्यप्रदेश विधानसभेने महानगर क्षेत्रांच्या नियोजनाचा कायदा केला, आणि इंदूर, उज्जैन, देवास व धार यांचा विचार एकत्र होऊ लागला. धरमपुरी काही इंदूरची पेठ नव्हे. परंतु मुंबई-आग्रा महामार्ग आपल्या खलघाटवरून जातो, आणि सडक जेथे जाते तेथे प्लॉट जातात.

गटार नसलेली वसाहत शेजारच्या शेतकऱ्याचे काय करते? तिचे सांडपाणी उताराने त्याच्या रानात शिरते. साचलेल्या डबक्यात आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी तयार होते. मलेरिया आणि डेंग्यू वसाहत व खेडे असा भेद करीत नाहीत. घाईने खणलेले शौचखड्डे विहिरीच्या जवळ येतात. खड्डा आणि विहीर यांत निदान ५० फूट अंतर हवे, आणि प्लॉट लहान असेल तर ते राहत नाही. मग हगवण आणि कावीळ लहान मुलांपासून सुरू होते. प्रत्येक घराची बोअर खोल जाते आणि आपल्या विहिरीचे पाणी खाली उतरते.

काळ्या मातीचा स्वभावही लक्षात घ्यावा. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर भिंतींना तडे जातात. कपाशी आणि गव्हाला जी माती सोन्यासारखी, ती घराला वाईट. घरासाठी मुरमाड टेकाड चांगले. तेथे पाणी साचत नाही आणि पीकही फारसे येत नाही. देवाने दोन्ही जमिनी दिल्या आहेत. आपण उलट वापरतो ते केवळ सडक जवळ आहे म्हणून.

विकणाऱ्याची बाजू

यावर शेतकऱ्याचे उत्तर असते, आणि ते खरे असते. कापसाला भाव नाही, सोयाबीन पावसाने गेले, मुलाला शेतीत राहायचे नाही, घरात कोणाचे तरी ऑपरेशन आहे. अशा वेळी दलाल रोख पैसे समोर ठेवतो. ज्याच्यावर वेळ आली त्याला दोष देण्याचा कोणालाही अधिकार नाही. घरेही हवीतच. आपल्याच मुलांची लग्ने होतात, त्यांना छप्पर लागते.

परंतु घरे हवीत याचा अर्थ ओलिताचे रान हवे असा होत नाही. गावठाणात पडक्या घरांच्या जागा आहेत, मुरमाड माळ आहे, एकावर एक दोन मजले बांधता येतात. विकणे अगदीच भाग असेल तर आधी माळ विकावा, विहिरीचे शेत राखावे. विकलेल्या पैशातून निदान काही हिस्सा पुन्हा जमिनीत किंवा विहिरीत घालावा. आणि रजिस्ट्रीच्या आधी घरातील स्त्रीला विचारावे, कारण सौदा करणारा पुरुष असतो आणि पुढे लांबून पाणी वाहणारी ती असते.

आपण काय करावे

१. दर वर्षी आपला खसरा आणि बी-१ ची नक्कल काढून पाहा. नाव, क्षेत्र, ओलिताची नोंद आणि पिकांची नोंद बरोबर आहे का ते तपासा. विहीर असून कागदावर कोरडवाहू असेल तर पटवाऱ्याकडे दुरुस्तीचा अर्ज द्या आणि पोच घ्या.

२. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे अनेक पिके देणारी ओलिताची जमीन केवळ अपवादात्मक परिस्थितीत आणि शेवटचा उपाय म्हणूनच घेता येते. म्हणूनच पिकांची नोंद महत्त्वाची. मात्र रस्ते, रेल्वे आणि कालवे यांना हे बंधन लागू नाही, हेही जाणून असा. प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर हरकतीसाठी ६० दिवस मिळतात.

३. नगर व ग्राम निवेशाच्या १९७३ च्या कायद्याखाली विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती मागवाव्या लागतात. ही मुदत थोडी असते, महिन्याभरात निघून जाते. हरकत लेखी द्या, सर्वे नंबरासह द्या. तोंडी गाऱ्हाणे फायलीत राहत नाही.

४. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. येथे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही. कोणी दुसऱ्याच्या नावाने सौदा सुचवीत असेल तर तो फसवणुकीचा रस्ता आहे. पेसा कायदा १९९६ चा, आणि मध्यप्रदेशाचे त्याखालील नियम १५ नोव्हेंबर २०२२ चे. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेचे मत घ्यावे लागते. म्हणून ग्रामसभेला जा, स्त्रियांनी अवश्य जा, आणि ठराव लिहून होईपर्यंत उठू नका. कोऱ्या रजिस्टरवर सही किंवा अंगठा देऊ नका.

५. नवी कॉलनी निघते आहे असे कळले की पंचायतीला किंवा नगर परिषदेला चार प्रश्न लेखी विचारा: पाणी कोठून, सांडपाणी कोठे, पावसाचा नाला मोकळा राहणार का, आणि मुले कोणत्या शाळेत जाणार. उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

६. रोख घेऊन मोकळे व्हा असे कोणीही म्हणाले तरी एकट्याने सही करू नका. रविवारच्या मिस्सानंतर चौघांना कागद दाखवा. ज्याला वाचता येते त्याने मोठ्याने वाचावे.

बायबलमध्ये नाबोथाची गोष्ट आहे. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा भाजीच्या बागेसाठी हवा होता. राजाने त्याला बदल्यात दुसरा मळा देऊ केला, नाही तर रोख किंमत देऊ केली. जमिनीला जमीन किंवा पैसा, हा सौदा इतका जुना आहे. नाबोथाने वाडवडिलांचे वतन सोडायला नकार दिला. मग ईजबेल राणीने काय केले? तिने सैन्य पाठविले नाही. तिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहर उठवली आणि गावच्या वडीलधाऱ्यांकडे धाडली. गावच्या वडीलधाऱ्यांनी ती पत्रे वाचली आणि सांगितले तसे केले. त्यांच्यापैकी एकही उठून "हे खोटे आहे" असे म्हणाला नाही.

नाबोथ एकटा पडला म्हणून गेला. आपल्या गावात कोणत्याही शेतकऱ्याच्या नावाचा कागद येईल तेव्हा तो एकटा पडू नये. वसाहती होतील, त्या व्हाव्यातही. पण विहीर खणल्याशिवाय, गटार बांधल्याशिवाय आणि शाळेची जागा राखल्याशिवाय पहिली वीट बसू नये, आणि कपाशीच्या रानात तर ती शक्यतो बसूच नये. एवढे मागण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि ते मागायचे ठिकाण ग्रामसभा आहे.